अनोळखी ओळींचे वाचन

फायरवॉलचा लॉग पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुधा घाबरतोच. एखाद्या पतसंस्थेत, कॉलेजात, इस्पितळात किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यात संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि इंटरनेट असे सगळे एकाच माणसाच्या गळ्यात असते. ऑडिटर विचारतो, 'लॉग बघता ना?', आणि त्या प्रश्नापायी तो लॉग उघडला जातो. समोर ओळींमागून ओळी सरकत असतात. पत्ते कधी न पाहिलेले, देशांची नावे दूरदूरची, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत लाल रंगातला 'ड्रॉप'. पाहणाऱ्याच्या मनात मग दोनपैकी एक निष्कर्ष घर करतो. आपल्यावर मोठा हल्ला चालू आहे, हा एक. किंवा फायरवॉल सगळे अडवते आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही, हा दुसरा. दोन्ही निष्कर्ष लॉग न वाचता काढलेले असतात. हे पुस्तक लॉग वाचण्याविषयी आहे, आणि त्यातही ज्या ओळीचा अर्थ लागत नाही तिच्याविषयी.

अशी एक ओळ इथेच पाहू.

२३:४१:०७ ड्रॉप, टीसीपी, २०३.०.११३.५७ पोर्ट ४४१२८ वरून १९८.५१.१००.९ पोर्ट २३ कडे, सिन

(दोन्ही पत्ते पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत, त्यांच्यामागे कोणी खरा मालक नाही.) ओळ सांगते ती हकिकत अशी. रात्री पावणेबाराच्या सुमारास बाहेरच्या एका यंत्राने आपल्या सार्वजनिक पत्त्यावर पोर्ट २३ चे दार ठोठावले. 'सिन' म्हणजे बोलणे सुरू करण्याची विनंती, त्याआधी काही बोलणे झालेले नाही. पलीकडचे ४४१२८ हे त्या यंत्राने तात्पुरते घेतलेले पोर्ट आहे. लिनक्स अशी पोर्ट साधारणपणे ३२७६८ ते ६०९९९ मधून उचलते, विंडोज ४९१५२ च्या पुढून. पोर्ट २३ टेलनेटचे. टेलनेट आज कोणी शहाणा माणूस इंटरनेटवर उघडे ठेवत नाही, पण स्वस्त कॅमेरे आणि राउटर ठेवतात. म्हणून ते ठोठावले जाते.

ते का ठोठावले जाते हे कळले की निम्मी भीती जाते. आयपी आवृत्ती ४ मध्ये पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. आकडा अवाढव्य वाटतो, पण यंत्राला तो तसा नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. गिगाबिटची जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून त्यांनी एका पोर्टसाठी जगातले सगळे सार्वजनिक पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून दाखवले. म्हणजे आपला पत्ता कोणी 'शोधून काढलेला' नसतो. यादीत तो होताच, आणि यादी पुरी होते तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शोडॅन, सेन्सिस, शॅडोसर्व्हर यांसारख्या संस्था हे काम उघडपणे करतात, आणि पत्त्याला जोडलेले नाव उलट शोधले तर पुष्कळदा त्यांची ओळख तिथेच सापडते. २०१६ च्या मिराई बॉटनेटने हेच काम लपून केले. त्याने पोर्ट २३ आणि २३२३ ठोठावत, कारखान्यातून आलेले ठरावीक युजरनेम आणि पासवर्ड लावत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. मिराईची एक खूण मला फार मोलाची वाटते. त्याच्या सिन पॅकेटमधला सिक्वेन्स क्रमांक, जो खरे तर कसलाही असायला हवा, तो ज्या पत्त्याकडे पॅकेट जाते त्या पत्त्याइतकाच असे. लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली ही युक्ती संशोधकांना बोटाच्या ठशासारखी उपयोगी पडली. लिनक्सच्या फायरवॉलला हा क्रमांक नोंदवायला सांगता येते. तो नोंदवला असेल तर वरची ओळ 'कोणीतरी' न राहता 'अमुक प्रकारचे यंत्र' होते.

आपल्याकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते: 'स्टॅटिक आयपी घेतला आणि त्या दिवसापासून हल्ले सुरू झाले.' तक्रार खरी आहे, तिच्यातला कार्यकारणभाव मात्र वेगळा आहे. अनेक ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्या ग्राहकाला सार्वजनिक पत्ता देतच नाहीत, १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होणारा पत्ता देतात, जो २०१२ मध्ये खास यासाठी राखून ठेवला गेला, आणि शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. बाहेरची ठोठावणी कंपनीच्या दारातच थांबते. स्टॅटिक आयपी घेतला की ग्राहक त्या आडोशातून बाहेर येतो आणि जगाला रोज मिळणारी ठोठावणी त्यालाही मिळू लागते. लॉग शांत होता तेव्हा आपण अधिक सुरक्षित होतो असे यातून ठरत नाही. शांत लॉग आणि सुरक्षित नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा गोंगाट नवा नाही. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्हन बेलोव्हिन यांनी १९९३ मध्ये एक छोटा निबंध लिहिला, इंटरनेटवर सापडलेल्या पॅकेटांविषयी. वेब तेव्हा नुकते रांगत होते. तरीही त्यांच्या प्रवेशद्वारावर अशी पॅकेटे येत होती ज्यांचा तिथे येण्याचा काही संबंध नव्हता. काही खोडसाळ होती, पण पुष्कळशी कुणाच्या तरी चुकीच्या मांडणीमुळे भरकटलेली. पुढे २००४ मध्ये पांग, यज्ञेश्वरन, बारफोर्ड, पॅक्सन आणि पीटरसन यांनी कोणीच वापरत नसलेल्या पत्त्यांवर काय येते ते मोजले, आणि रिकाम्या पत्त्यांवरही रहदारी कधीच थांबत नाही हे दाखवले. त्या रहदारीत मेलेल्या साथींचे अवशेषही असतात. जानेवारी २००३ मध्ये काही मिनिटांत जगभर पसरलेल्या स्लॅमर वर्मची ४०४ बाइटची यूडीपी पॅकेटे पुढे कित्येक वर्षे पोर्ट १४३४ वर येत राहिली. कुठल्या तरी कपाटातला विसरलेला सर्व्हर ती पाठवत होता. ड्रॉपच्या ओळींपैकी बहुतेक ओळी या पार्श्वभूमीतल्या असतात. त्यांची संख्या मोजावी, आलेख काढावा, एखाद्या पोर्टची संख्या अचानक उसळली तर थांबून पाहावे. एकेका ओळीमागे धावण्यात दिवस जातो, आणि तो दिवस दुसरीकडे हवा असतो.

मात्र ड्रॉपमधल्या दोन प्रकारच्या ओळी माणसाला हमखास फसवतात, म्हणून त्यांच्यापाशी थोडे रेंगाळतो.

पहिल्या प्रकारात एखाद्या नामांकित कंपनीच्या सर्व्हरने, त्याच्या पोर्ट ४४३ वरून, आपल्या एखाद्या ५२ हजारांच्या घरातल्या पोर्टकडे काहीतरी पाठवलेले असते आणि फायरवॉलने ते अडवलेले असते. लगेच प्रश्न येतो: ही कंपनी आपले पोर्ट का तपासते आहे? ती काही तपासत नसते. ४४३ आहे ती बाजू सेवेची, मोठ्या आकड्याची बाजू मागणी करणाऱ्याची. म्हणजे बोलणे आपल्याच संगणकाने सुरू केले होते. फायरवॉल प्रत्येक चालू संभाषणाची नोंद आठवणीत ठेवते, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही की ती पुसते. लॅपटॉप मिटून कोणी जेवायला गेले, फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेला, आणि सर्व्हरचा निरोपाचा 'फिन' किंवा 'रिसेट' उशिरा पोहोचला, की फायरवॉलला तो अनोळखी वाटतो. ओळीच्या शेवटी सिन आहे की अ‍ॅक, फिन, रिसेट आहे, एवढे पाहिले तरी हा घोटाळा सुटतो. एकटा सिन म्हणजे कोणीतरी नव्याने आले. बाकीचे बहुतेक वेळा आधीच्या बोलण्याचे शेपूट असते.

दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक. समोरून 'सिन-अ‍ॅक' येतो, म्हणजे 'तुमची विनंती मंजूर' असे उत्तर येते, पण आपण विनंती केलेलीच नसते. इथे तिसऱ्याच कोणीतरी आपला पत्ता खोटा लावून त्या सर्व्हरवर विनंत्यांचा मारा केलेला असतो, आणि तो बिचारा सर्व्हर प्रामाणिकपणे आपल्याला उत्तरे देत असतो. ज्याला आपण हल्लेखोर समजून ब्लॉक करायला निघतो तो खरे तर पीडित असतो. डेव्हिड मूर, जेफ्री व्होल्कर आणि स्टीफन सॅव्हेज यांनी २००१ मध्ये नेमक्या याच भरकटलेल्या उत्तरांवरून जगभरातल्या सेवा-नकार हल्ल्यांचा अंदाज बांधला. रिकाम्या पत्त्यांच्या एका मोठ्या गटावर पडणारी उत्तरे मोजून त्यांना तीन आठवड्यांत १२ हजारांहून अधिक हल्ले दिसले. इतरांनी कचरा म्हणून टाकलेल्या ओळींतून त्यांनी हे काढले.

अनोळखी रहदारीचा उलगडा कसा होतो याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण अमेरिकेतल्या मॅडिसनचे आहे. तिथे विस्कॉन्सिन विद्यापीठ एक सार्वजनिक वेळ-सर्व्हर चालवते, ज्याला विचारून संगणक आपले घड्याळ लावून घेतात. मे २००३ मध्ये विद्यापीठातल्या डेव्ह प्लॉन्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की या सर्व्हरकडे सेकंदाला सुमारे ४० हजार पॅकेटे येत आहेत, यूडीपी पोर्ट १२३ कडे, जगभरच्या असंख्य पत्त्यांवरून. चेहरामोहरा सगळा हल्ल्याचा. पण एक गोष्ट जुळत नव्हती. वेळ विचारणारे साधन सहसा स्वतःच्या बाजूला एक तर १२३ हेच पोर्ट वापरते किंवा दर वेळी बदलणारे तात्पुरते पोर्ट. इथे पत्ते हजारो असूनही पाठवणाऱ्याचे पोर्ट सगळीकडे एकच होते: २३४५७. हजारो माणसे एकच तात्पुरते पोर्ट योगायोगाने निवडत नाहीत. हा आकडा कुणीतरी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेला असणार.

त्या पोर्टची पॅकेटे त्यांनी अडवली. रहदारी ओसरायला हवी होती, ती जूनमध्ये वाढून सेकंदाला अडीच लाखांवर गेली. इथे हल्ल्याचा तर्क आणखी ढिला पडतो. ज्या नेटवर्कमधून ही पॅकेटे निघत होती तिथल्या चालकांना विचारल्यावर कळले की पाठवणारे यंत्र नेटगिअर कंपनीचे घरगुती राउटर आहे. त्याच्या फर्मवेअरमध्ये विस्कॉन्सिनच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर आले नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचे असेही लिहिलेले होते. अडवल्यामुळे उत्तरे थांबली, आणि उत्तरे थांबल्यामुळे राउटर अधिकच विचारू लागले. कंपनीच्या हिशेबाने अशी सात लाखांवर यंत्रे विकली गेली होती. पुढे कंपनीने चूक मान्य करून दुरुस्ती दिली, विद्यापीठाला आर्थिक साहाय्यही केले. हे प्रकरण मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला देतो, कारण त्यात सगळे आहे: न जुळणाऱ्या एका तपशिलाला धरून राहणे, ब्लॉक केल्यावर काय बदलते ते पाहणे, आणि पलीकडच्या माणसाला सरळ विचारणे. हेतू दुष्ट आहे असे गृहीत धरून बसले असते तर ते २३४५७ या आकड्याकडे इतक्या निवांतपणे पाहू शकले नसते.

आता या पुस्तकातल्या मुख्य म्हणण्याकडे येतो. लॉगमधल्या ज्या ओळींवर सर्वांची नजर जाते त्या 'ड्रॉप'च्या. ज्यांनी खरे नुकसान होते त्या 'अलाउ'च्या. जे अडवले ते आत आलेच नाही. जे सोडले, विशेषतः जे आतून बाहेर सोडले, त्याच्याबद्दल आपण काय जाणतो? कित्येक ठिकाणी अलाउची नोंदच बंद ठेवलेली असते, डिस्क भरते म्हणून. जागा कमी असेल तर ड्रॉपची नोंद कमी करा, पण आतून बाहेर जाणाऱ्या नव्या जोडण्यांची नोंद सोडू नका, असे मी ठामपणे सांगतो.

ही दुसरी ओळ पाहा.

०३:१२:४४ अलाउ, टीसीपी, १९२.१६८.१०.६३ पोर्ट ५१८०२ वरून १९८.५१.१००.२०० पोर्ट ४४३ कडे, गेले ४१२ बाइट, आले २०८ बाइट

रंग हिरवा आहे, पोर्ट ४४३ आहे, कोणाचे लक्ष जाणार नाही. पण पहाटे सव्वातीनला ऑफिसात कोणी नाही. पुढची अशीच ओळ ०३:१३:४४ ला आहे, त्यापुढची ०३:१४:४४ ला. इतका नेमका ठोका माणसाचा नसतो, यंत्राचा असतो. शिवाय बाइट पाहा. सुरक्षित वेबचे बोलणे सुरू होताना सर्टिफिकेटसह पूर्ण ओळख पटवली तर समोरून दोन-चार हजार बाइट तरी येतात. इथे २०८ च आले. म्हणजे एक तर जुन्याच ओळखीवर बोलणे चालू आहे, किंवा ते जुळतच नाही, किंवा ४४३ वरून चाललेली ही गोष्ट वेबची नाहीच. ४४३ हे फक्त दाराचा क्रमांक सांगते, आतली भाषा सांगत नाही.

अजून काहीही सिद्ध झालेले नाही, हे मात्र नीट ध्यानात घ्यायला हवे. ठोका धरून बाहेर बोलणारी पुष्कळ साधी यंत्रे असतात. सीसीटीव्हीचा डीव्हीआर मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून आपल्या कंपनीच्या सर्व्हरला 'मी जागा आहे' असे सारखे सांगत राहतो. अँड्रॉइड फोन गुगलच्या पोर्ट ५२२८ ला चिकटून असतात, आयफोन अ‍ॅपलच्या ५२२३ ला. आणि १७ ने सुरू होणारा अख्खा पत्तागट अ‍ॅपलचाच आहे. आतल्या आतही अशा ओळी असतात ज्या नवख्याला खटकतात. ४३७० वर बोलणारे यंत्र बहुधा दारातले बोटाचा ठसा घेणारे हजेरी मशीन असते. ९००० वर टॅली असू शकते. १७५०० वर दर थोड्या वेळाने सगळ्यांना हाक मारणारा ड्रॉपबॉक्स, २३९.२५५.२५५.२५० कडे जाणारी पोर्ट १९०० ची पॅकेटे म्हणजे टीव्ही आणि प्रिंटर एकमेकांना शोधत असल्याची खूण. हे सगळे एकदा बसून ओळखले आणि लिहून ठेवले की अनोळखी म्हणून जे उरते ते थोडे असते, आणि त्याच्याकडे लक्ष देण्याइतका वेळ हाताशी असतो.

म्हणून मी पहिली पायरी बाहेरच्या पत्त्याची धरत नाही, आतल्या पत्त्याची धरतो. हा .६३ कोण? डीएचसीपीच्या यादीत पाहावे, तिथे मॅक पत्ता मिळतो, आणि मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन मात्र नेटवर्कपुरता बनावट मॅक लावतात, तेव्हा कंपनीचे नाव न मिळाल्यास तो बहुधा कोणाचा तरी फोन आहे. मग डीएनएसच्या लॉगमध्ये पाहावे की ०३:१२:४४ च्या क्षणभर आधी .६३ ने कोणत्या नावाचा पत्ता विचारला. नाव विचारलेच नसेल आणि थेट आकडी पत्त्याकडे गेला असेल तर संशय वाढतो. आणि हे कधीपासून चालू आहे? वर्षभरापासून, की मागच्या गुरुवारी कोणी नवे सॉफ्टवेअर टाकल्यापासून? या प्रश्नांची उत्तरे जगातल्या कुठल्याही महागड्या यंत्रणेकडे नसतात. ती हजेरी मशीन कोणी बसवले, कॅमेऱ्यांचा ठेका कोणाकडे आहे, अकाउंट्समध्ये पेनड्राइव्ह कोण लावतो, हे माहीत असलेल्या माणसाकडे असतात. छोट्या ऑफिसात एकट्याने सगळे सांभाळणाऱ्याचे हेच बळ आहे, आणि ते त्याला कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

बाहेरच्या पत्त्याची चौकशी त्यानंतर. 'हू-इज' विचारले की पत्ता कोणत्या संस्थेच्या नावावर आहे ते कळते. आशिया-पॅसिफिकचा कारभार एपनिककडे, भारतातल्या पत्त्यांचे वाटप निक्सीच्या आयआरआयएनएनकडे. या उत्तराला सातबाऱ्यातल्या फक्त 'सात'चे मोल द्यावे: जमीन कोणाच्या नावावर आहे ते समजते, यंदा तिथे कोणी काय पेरले आहे ते समजत नाही. मोठ्या क्लाउड कंपनीच्या नावावरचा पत्ता या तासाला एका दुकानाच्या संकेतस्थळाचा असतो, पुढच्या तासाला स्कॅन करणाऱ्याचा. तीच गोष्ट देशाची. लॉगमधला झेंडा यंत्र कुठे ठेवले आहे असे मानले जाते ते सांगतो, ते चालवणारा माणूस कुठे बसला आहे ते नाही. झेंड्यांवरून केलेले अहवाल मी मीटिंगांत पाहिले आहेत, आणि त्यांतून कोणता निर्णय घ्यायचा ते मला कधीच समजलेले नाही.

अलाउच्या ओळींबद्दल मी इतक्या आग्रहाने का लिहितो याला एक मोठे कारण आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक कंटेनर टर्मिनल बंद पडले. ते मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवत होती, आणि त्या दिवशी जगभर मर्स्कचे संगणक नॉटपेट्या या मालवेअरने निकामी केले होते. कंपनीने नंतर आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरातले सांगितले. सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये, एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. तिथल्या कर भरणाऱ्या असंख्य कंपन्या ते वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच चोरदरवाजा घातला होता, आणि एसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांच्या तपासात दिसले की तो चोरदरवाजा बाहेरच्या कुठल्याही संशयास्पद पत्त्याशी बोलतच नव्हता. तो एम.ई.डॉकच्याच अपडेट-सर्व्हरला विचारे, आणि चोरलेली माहिती त्याच विनंतीच्या कुकीत घालून पाठवे.

त्या काळातला तिथल्या एखाद्या ऑफिसचा लॉग डोळ्यांसमोर आणा. हिशेबाचे सॉफ्टवेअर स्वतःच्या कंपनीच्या सर्व्हरकडे अपडेट विचारते आहे. अलाउ. पत्ता ओळखीचा, नाव ओळखीचे, कामही रोजचे. पुढे आत शिरल्यावर नॉटपेट्या पोर्ट ४४५ वरून आणि चोरलेल्या पासवर्डांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला, तो एकाच स्विचवरच्या संगणकांमधून. ती रहदारी वेशीवरच्या फायरवॉलमधून जातच नाही, तेव्हा लॉगमध्ये तिची ओळ नसते. विभागांच्या मध्ये फायरवॉल असती तर अकाउंट्सच्या एका संगणकाने पाचपन्नास संगणकांची ४४५ दारे भराभर ठोठावल्याच्या ओळी दिसल्या असत्या. लॉग किती सांगू शकतो याची ही मर्यादा मला वाचकापासून लपवायची नाही. म्हणूनच या पुस्तकातली दोन मोठी प्रकरणे फायरवॉल कुठे बसवावी आणि काय नोंदवावे यावर आहेत. वाचनाचा भाग त्यानंतर येतो.

वेळेबद्दल थोडक्यात. पुष्कळ उपकरणे जागतिक वेळेत नोंद करतात. पहाटे दोनला चालणारा आपला बॅकअप त्यांच्या लॉगमध्ये आदल्या तारखेला २०:३० वाजता दिसतो, आणि 'रात्री साडेआठला एवढा डेटा कोणी बाहेर पाठवला?' म्हणून धावपळ होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवायची आहेत, आणि नमूद केलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. अनेकांना यातली १८० दिवसांची अट जाचक वाटते. मला घड्याळाची अट जास्त महत्त्वाची वाटते. फायरवॉलचे घड्याळ चार मिनिटे पुढे आणि डीएनएस सर्व्हरचे दोन मिनिटे मागे असेल तर वर सांगितलेली 'क्षणभर आधी कोणते नाव विचारले' ही चौकशी करताच येत नाही.

एकट्याच्या लॉगमधून न दिसणारी गोष्ट अनेकांच्या लॉगमधून दिसते, हे २२ मार्च २००१ ला सिद्ध झाले. त्या दिवशी जगभरातल्या अनेक नोंदयंत्रांवर पोर्ट ५३ कडे, म्हणजे डीएनएसच्या दाराकडे, ठोठावणी एकदम वाढली. एकेका ठिकाणी पाहणाऱ्याला त्या चार-दोन जादा ओळी होत्या. पण योहानेस उलरिख यांनी आदल्या वर्षी डीशील्ड सुरू केले होते, जिथे सामान्य लोक आपल्या फायरवॉलच्या नोंदी पाठवत, आणि सान्स संस्थेभोवती विश्लेषकांचा एक गट जमलेला होता. नोंदी एकत्र ठेवल्यावर उसळी स्पष्ट दिसली, एकाने बाधित यंत्रावरचा प्रोग्राम मिळवला, आणि बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून पसरणारा लायन वर्म काही तासांत ओळखला गेला.

त्या नोंदी पाठवणारे लोक बहुतांशी तुमच्या-माझ्यासारखेच, कुठल्या तरी छोट्या नेटवर्कची काळजी वाहणारे होते. त्यांची नोंद कामाची ठरली कारण ती नेमकी होती. आपणही एखाद्या पत्त्याबद्दल त्याच्या कंपनीला, किंवा घटनेबद्दल सर्ट-इनला कळवतो तेव्हा 'तुमच्या पत्त्यावरून हल्ला होत आहे' एवढे लिहून भागत नाही. वेळ सेकंदापर्यंत आणि कोणत्या टाइमझोनची तेही, दोन्हीकडचे पत्ते, दोन्हीकडची पोर्ट, आणि लॉगच्या मूळ ओळी जशाच्या तशा द्याव्या लागतात. पाठवणाऱ्याचे पोर्ट निरुपयोगी समजून लोक ते गाळतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवणाऱ्या कंपनीला त्यांतला नेमका ग्राहक शोधायला तेच पोर्ट आणि तोच सेकंद लागतो. त्याशिवाय तिच्याकडे हात वर करण्यापलीकडे काही उरत नाही. अशा पत्रांचे नमुने शेवटच्या प्रकरणात दिले आहेत.